मुक्काम नागपूर जंक्शन

झाशीला उतरलेला माणूस ओरछा गाठतो, इटारसीहून लोक पिपरियामार्गे पचमढीला जातात, मनमाडला उतरणाऱ्यांचा ओढा बहुतेक शिर्डीकडे. खुद्द जंक्शनच्या गावात थांबतं कोण? गाडी बदलायची, चहा घ्यायचा, पुढच्या गाडीची घोषणा होईपर्यंत बाकावर बसायचं, एवढाच आपला त्या गावाशी संबंध. आमच्या घरात मात्र जंक्शनला मान आहे. बाबा मिरजेला रेल्वेत गार्ड होते. कुठेही जायचं ठरलं की त्यांचा पहिला प्रश्न, "जवळचं जंक्शन कुठलं?" तिथे एक बरी खोली घ्यायची, सामान टाकायचं आणि रोज वेगळ्या दिशेची गाडी धरून रात्री परत यायचं. पूर्व विदर्भ मी बाबांबरोबर असाच पाहिला. या पद्धतीला नागपूरइतकं सोयीचं गाव महाराष्ट्रात दुसरं नाही, हे मी आता ठामपणे सांगते.

याचं कारण नकाशात आहे. मुंबईकडून रेल्वे नागपूरला आली १८६७ साली, कापसासाठी. पुढे पूर्वेला छत्तीसगडकडे मार्ग गेला आणि १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने तो हावड्याच्या दिशेने वाढवला. दक्षिणेकडे वरोऱ्यापर्यंतची लाइन कोळशासाठी पडली होती. १९२९ मध्ये काझीपेठ–बल्लारशाह हा दुवा पूर्ण झाला आणि दिल्ली–मद्रास सरळ रस्ता नागपूरवरून सुरू झाला. ज्या रुळांवरून एकेकाळी विदर्भाचा माल बाहेर गेला, त्याच रुळांवरून आज तुम्हाला विदर्भात आत शिरता येतं, तेही जनरलच्या तिकिटात. ताडोब्याला जायचं म्हणून विमानतळावर उतरून थेट टॅक्सीत बसणाऱ्यांना हे कधी कळतच नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आम्ही गेलो नोव्हेंबरच्या शेवटी. डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असतं, तेव्हा सीताबर्डीपासून स्टेशनपर्यंत लॉज भरलेले असतात आणि भाडीही चढलेली असतात, म्हणून त्याच्या आधीचे दिवस निवडले. खोली घेतली संत्रा मार्केटच्या बाजूला, स्टेशनच्या पूर्वेच्या दारापासून चालत जाता येईल अशी. पश्चिमेचं मुख्य दार जास्त देखणं आहे. सावनेरच्या वालुकाश्मात बांधलेली ही इमारत १५ जानेवारी १९२५ रोजी सुरू झाली. त्या बाजूला टेकडी गणपती, सीताबर्डीचा किल्ला, झिरो माइल हे सगळं हाताशी. पण पहाटेची गाडी धरायची असेल तर संत्रा मार्केटची बाजू बरी. पाचलाच चहाच्या टपऱ्या पेटलेल्या असतात, आणि थोड्या वेळात तर्री पोहे मिळू लागतात. पोह्यांवर हरभऱ्याची लाल झणझणीत तर्री, वर कच्चा कांदा आणि चिवडा. बाबांनी पहिल्या दिवशी तर्री वेगळी मागितली, दुसऱ्या दिवसापासून वरूनच ओतून घेऊ लागले.

नागपुरात एक गोष्ट आधी समजून घ्यावी लागते: आपली गाडी कुठून सुटते. मुख्य स्टेशन मध्य रेल्वेचं, तर इतवारी दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचं. दोन्ही रेल्वेंचे विभाग एकाच शहरात आहेत आणि दोन्ही विभागांचं नाव नागपूरच. रामटेकची मेमू, म्हणजे कमी अंतराची विजेवरची पॅसेंजर, इतवारीहून जाते. काही गाड्या अजनीहून सुटतात. आदल्या रात्री मोबाइलवर स्टेशनचं नाव नीट वाचून ठेवलं की काम झालं.

रामटेकची मेमू सकाळी भरलेली असते, पण कामठीला निम्मी रिकामी होते. मग कन्हान नदीचा पूल येतो, आणि कन्हाननंतर मुख्य मार्ग सोडून गाडी डावीकडच्या शाखेवर वळते. इथून पुढे ती निवांतच असते. धानाची कापणी चालू होती, बांधावर पेंढ्या रचलेल्या, आणि हा पट्टा मँगनीजचा असल्यामुळे मधेच काळपट मातीचे ढीग. रामटेकला रूळ संपतात. जिथे लाइन संपते त्या स्टेशनवर बाबा नेहमी शेवटच्या बफरपर्यंत चालत जातात. गेले.

गडमंदिरावर ऑटोने जाता येतं, पण अंबाळा तलावाकडून पायऱ्यांनी चढावं असं मी सुचवेन. तलावाभोवती जुनी देवळं आहेत, पाणी शांत असतं, आणि चढताना खालचा सगळा मुलूख हळूहळू उलगडतो. वर दारापाशी एकाच दगडातला प्रचंड वराह उभा आहे. त्याच्या पोटाखालून लोक सरपटत पलीकडे जातात, पापी माणूस अडकतो अशी श्रद्धा. लाल नऊवारीतल्या एका आजी आमच्यासमोर पदर खोचून खाली वाकल्या, पलीकडून बाहेर आल्या, गुडघे झटकले आणि नातवाला म्हणाल्या, "आता तू ये, भेऊ नको, मी धरते." दगडाचा तो भाग हजारो पाठी घासून तेलकट काळा, गुळगुळीत झाला आहे. मी हात लावून पाहिला, उन्हातही गार होता.

वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता, म्हणजे दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, हिच्या एका ताम्रपटात रामगिरीस्वामीच्या पायांचा उल्लेख आहे. नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी कालिदासाच्या मेघदूतातला रामगिरी तो हाच, असं मांडलं. गडावर वाकाटककाळातली नरसिंहाची दोन देवळं आहेत, साधी, जाड भिंतींची, आणि आतली मूर्ती दार भरून बसलेली. मुख्य देवळाच्या गर्दीत ती सुटून जातात. वेळ काढून पाहाच. रामटेकपासून जवळच मनसर आहे, तिथे टेकडीवर विटांचं मोठं उत्खनन झालं आहे. वाकाटकांची राजधानी प्रवरपूर ती हीच, असं काही अभ्यासक मानतात. मिराशींच्या मते प्रवरपूर म्हणजे पवनार. पवनार कुठे, तर वर्ध्याच्या अलीकडे. म्हणजे हा वाद ज्या दोन जागांवरून चालला आहे, त्या दोन्ही नागपूरला मुक्काम ठेवून तुम्ही लागोपाठ दोन दिवसांत स्वतः पाहू शकता. मला याचा फार आनंद झाला.

दुसरी दिशा नैर्ऋत्येची. वर्ध्यालाही दोन स्टेशनं. मुंबईकडच्या गाड्या वर्धा जंक्शनला जातात, चेन्नईकडच्या गाड्या वर्ध्यात न शिरता सेवाग्रामहूनच दक्षिणेला वळतात. या स्टेशनचं जुनं नाव वर्धा ईस्ट. डब्यात समोर बसलेल्या बाईंनी आम्हाला आपणहून सांगितलं, "ताई, सेवाग्रामलेच उतरा न. ऑटो तिथं भेटते जी." नागपूरपासून पाऊणशे किलोमीटर, तास-सव्वा तासाचा प्रवास.

सेवाग्राम आश्रमाबद्दल पुष्कळ वाचलेलं असतं, पण जागेवर गेल्यावर लक्षात राहतं ते वेगळंच. गांधीजी इथे १९३६ मध्ये आले. गावाचं नाव तेव्हा शेगाव होतं, १९४० मध्ये सेवाग्राम झालं. कुडाच्या, मातीने लिंपलेल्या भिंती, बांबू, वर कवेलू. बापू कुटीत भिंतीवर मीराबेननी मातीतच उठवलेली ताडाची झाडं आहेत. जमिनीवर चटया, एक ठेंगणं मेज. शेजारी टेलिफोनची लहानशी खोली आहे, व्हाइसरॉयला थेट बोलता यावं म्हणून सरकारने बसवलेला फोन. आणि साप पकडायचा लांब लाकडी चिमटा व पेटी. आश्रमात साप मारायचा नाही, पकडून लांब सोडायचा, हा नियम. बाबा त्या चिमट्यापाशी बराच वेळ थांबले. साम्राज्याशी बोलायचा फोन आणि साप धरायचा चिमटा एकाच अंगणात, आणि दोन्ही वापरातले. अहिंसेवर कितीतरी भाषणं ऐकली असतील, पण ती रोजच्या जगण्यात कशी उतरते हे मला त्या चिमट्याने दाखवलं.

तिथून वर्धा शहर. लक्ष्मीनारायण मंदिर जमनालाल बजाजांनी १९२८ मध्ये दलितांसाठी खुलं केलं, ते गल्लीत आहे, विचारत जावं लागतं. मगन संग्रहालय चुकवू नका: चरखे, घाण्या, ग्रामोद्योगाची अवजारं, १९३८ पासूनची. गोरसपाक, म्हणजे इथली तुपातली बिस्किटं, घ्यायचाच, तो प्रवासात टिकतो. परतीच्या आधी ऑटो करून पवनारला गेलो. धाम नदीच्या काठावर विनोबांचा आश्रम, आणि तिथे शेतीसाठी खणताना सापडलेली भरत-राम भेटीची शिल्पं भिंतीत बसवलेली. वाकाटकांच्या काळातल्या त्या मूर्तींसमोर आश्रमातल्या बहिणी रोजची कामं करत होत्या. पाण्याला ओढ होती, दगडांवर कपडे वाळत होते.

दक्षिणेच्या दिशेबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगते. ताडोब्यात वाघ पाहायचा असेल तर नागपूरला राहू नका. सकाळची सफारी उजाडता सुरू होते, तेव्हा तुम्ही गेटवर हवे. मोहर्ली गेटसाठी चंद्रपूर किंवा थेट मोहर्लीत मुक्काम करा, आणि मंगळवारी गाभा क्षेत्र बंद असतं हे लक्षात ठेवा. पण जंगल बाजूला ठेवूनही ही लाइन एक दिवस मागते. वरोऱ्याला उतरलात तर आनंदवन जवळ आहे, बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये स्थापन केलेल्या महारोगी सेवा समितीचं. तिथल्या कापड, सतरंज्या आणि भेटकार्डांच्या विभागात हात चालताना पाहावेत. पुढे भांदकला उतरून भद्रावतीचं जैन मंदिर आणि विजासनची बौद्ध लेणी होतात. चंद्रपूरला गोंडकालीन परकोट आजही गावाला वेढून आहे, आणि अंचलेश्वराशेजारी राणी हिराईने नवऱ्यासाठी, बीरशहासाठी, बांधलेली समाधी आहे. बायकोने नवऱ्याची आठवण म्हणून उभारलेली इतकी देखणी वास्तू आपल्याकडे शाळेत का शिकवत नाहीत, मला कळत नाही. या गावातही स्टेशनं दोन आहेत, चंद्रपूर आणि चांदाफोर्ट. तेवढं जपा.

उत्तरेला काटोल-नरखेड, संत्र्यांचा मुलूख. अंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुललेल्या मोहराची, फळं निघत होती, स्टेशनाबाहेर क्रेट चढवले जात होते. या दिशेला पाहायचं म्हणाल तर बागाच. एका बागायतदारांनी आम्हाला झाडावरचं संत्रं तोडून दिलं आणि देठाजवळ बोट ठेवून सांगितलं, "इथं फुगलं असंन तर सालटं सैल रायते, गोड निंघते." अर्ध्या दिवसात परत येता येतं.

परतीच्या संध्याकाळी नागपूरसाठी. दीक्षाभूमी मी दिवस मावळताना पाहावी असं म्हणेन. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी जिथे धम्मदीक्षा घेतली तिथे आता प्रचंड स्तूप आहे, आत घुमटाखाली गेलं की माणसं आपोआप हळू बोलतात. विजयादशमीला इथे देशभरातून लोक येतात, त्या दिवसांत गाड्यांची तिकिटं मिळणं कठीण, म्हणून तारखा पाहूनच ठरवा. मोतीबागेतलं नॅरोगेज संग्रहालय बाबांसाठी होतं. छिंदवाड्याची नॅरोगेज २०१५ मध्ये आणि नागभीडची २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली, त्यामुळे त्या छोट्या इंजिनांना आता इथेच भेटायचं. आणि डायमंड क्रॉसिंग, जिथे दिल्लीकडचे आणि हावड्याकडचे रूळ एकमेकांना छेदतात. रुळांवर मुळीच उतरायचं नाही. कुंपणाबाहेर थांबून मालगाडी ऐकायची. एरवीचा ठेका तिथे एकदम मोडतो आणि चाकं खडखडत चौकटीवरून जातात. बाबांनी डोळे मिटून डबे मोजले. रात्री सावजीचं जेवण, ज्यांना तिखट सोसतं त्यांनीच.

ज्यांना हे करून पाहायचंय त्यांना दोनच सूचना. जाण्याची गाडी नंतर, परतीची आधी बघा, कारण लहान स्टेशनांवर संध्याकाळी गाड्या विरळ होतात. आणि जनरलचं तिकीट मोबाइलवर काढून ठेवा, सकाळी खिडकीवर रांग असते.

पूर्वेची दिशा आम्ही मुद्दाम ठेवली आहे. गोंदिया स्वतःच जंक्शन आहे, तिथून एक लाइन बालाघाटकडे आणि दुसरी वडसा-नागभीडवरून चांदाफोर्टला जाते. नागझिरा, नवेगावबांध आणि तळ्यांवरचे सारस, एवढ्यासाठी नागपूरहून रोज ये-जा करणं म्हणजे वेळ वाया घालवणं. बाबांचं म्हणणं, पुढच्या हिवाळ्यात खोली गोंदियालाच घ्यायची. वेळापत्रक त्यांनी वहीत उतरवून काढलंय, बल्लारशाहची पॅसेंजर दिवसाउजेडी जंगलातून जाते का, तेवढंच तपासायचं राहिलंय.