भोगीला घरी

13 जानेवारी, रात्रीचे अकरा

पोचले. अक्षर आज कोंबडीच्या पायांसारखं येतंय. गोव्यापासून उजवी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर आहे, हँडलवर भार टाकून टाकून.

26 डिसेंबरला कन्याकुमारीहून निघालो होतो, तिघी. आज एकोणिसावा दिवस. मीटरवर 1,671 किलोमीटर. लोक पुण्याहून कन्याकुमारीला जातात, विवेकानंद शिला आणि 133 फुटी तिरुवळ्ळुवर मागे ठेवून फोटो काढतात आणि सायकल ट्रेनमध्ये टाकून परत येतात. आम्ही आधी ट्रेनने गेलो आणि मग सायकलीने आलो. हट्ट माझाच. शेवटचं पेडल घराच्या फाटकाशी मारायचं, एवढंच डोक्यात होतं. किनाऱ्याने वर येताना दुपारी समुद्रावरचा वायव्येचा वारा रोज तोंडावर येतो, हे जाणकारांनी बजावलं होतं. मी ‘बघू’ म्हणाले. पुढे कर्नाटकात मरवंथेला, जिथे हायवेच्या एका हाताला समुद्र आणि दुसऱ्या हाताला सौपर्णिका नदी आहे, तिथे सपाट रस्त्यावर काटा 11 च्या पुढे सरकेना. तेव्हा दोघींनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, ते लिहीत नाही.

आज माणगावहून साडेपाचला निघालो. अंधार आणि थंडी. पनवेल–कन्याकुमारी 66 नंबरचा हायवे, जो इतके दिवस कधी पायाखाली तर कधी शेजारी होता, तो सुटला आणि निजामपूर, विळे करत ताम्हिणी लागला. जानेवारीतला ताम्हिणी फार कमी लोक बघतात. धबधबे नाहीत, कणसं नाहीत, रील काढणारे नाहीत. पिवळं पडलेलं गवत आणि चेनची करकर. सामानासकट सगळ्यात हलक्या गिअरवर चालत्या माणसाच्या वेगाने चढले. दोनदा उतरून ढकलली. लाज वगैरे केरळातच संपली होती.

वर मुळशीच्या पाण्याकाठी चहा. हे पाणी पुण्याला येत नाही, उलट डोंगरातून खाली भिऱ्याला जातं, वीज करायला. म्हणजे मी जिथून धापा टाकत वर आले, तिथे ते आपोआप उतरतं. या धरणाविरुद्ध 1921 मध्ये सेनापती बापटांसोबत मावळचे शेतकरी उभे राहिले होते. आम्ही शाळेत दोन मार्कांसाठी पाठ केलेलं. आज त्या गार पाण्याकडे बघताना, खाली कोणाची तरी शेतं आहेत हे पहिल्यांदा नीट जाणवलं.

पौड, पिरंगुट. ट्रक, धूळ, हॉर्न. भूगावपाशी मागचं चाक बसलं. घर आठ-दहा किलोमीटरवर! टायर काढून आतून बोट फिरवलं, काही लागेना. तिसऱ्या फेरीत बोटाला टोचलं. केसाएवढी तार, ट्रकच्या फुटलेल्या टायरमधून रस्त्यावर सांडते ती. नखांनी निघेना, शेवटी दातांनी ओढून काढली. पॅच एकच उरला होता, तोही कडेला वाळलेला. चिकटवला, वर अंगठा दाबून शंभर मोजले.

आणि चांदणी चौकात चुकलो. कन्याकुमारीपासून एकदाही रस्ता चुकलो नव्हतो. जुना पूल 2022 च्या ऑक्टोबरमध्ये पाडला, तेव्हापासून तिथे एवढे रॅम्प झालेत की बोलायची सोय नाही. कोथरूड समजून वारज्याच्या बाजूला लागलो आणि सायकली हातात धरून मागे आलो. तिथेच तिघींचे रस्ते फुटले. मिठी वगैरे मारायचं ठरलं होतं, पण पीएमपीची बस मागून हॉर्न मारत होती. ‘पोचलीस की मेसेज टाक,’ एवढंच झालं.

फाटकाशी शेवटचं पेडल मारलं. वॉचमन म्हणाला, “मॅडम, तुमचं पार्सल आठ दिवस माझ्याकडे पडलंय.”

लिफ्ट नाही. तिसरा मजला. सामान एका फेरीत, सायकल खांद्यावर दुसऱ्या फेरीत. दुसऱ्या मजल्यापासूनच भोगीच्या भाजीचा वास यायला लागला, म्हणजे वांगं, पावटा आणि तिळाचं कूट. सासूबाई दारातच उभ्या होत्या. “थांब, आत येऊ नकोस.” तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीचा तुकडा माझ्यावरून ओवाळला, पायांवर पाणी घातलं. मग चष्मा नाकावर सरकवून सायकलकडे बघितलं आणि दुसरा तुकडा आणायला आत गेल्या. हँडलवरून ओवाळला, पुढच्या चाकावर पाणी घातलं. “हिनंच आणलं ना तुला,” म्हणाल्या.

मी भाकरी किती खाल्ल्या ते नवऱ्याने मोजलं. मी मोजलं नाही.

आता सगळे झोपलेत. सवयीने उद्याचे कपडे उशाशी काढून ठेवले होते, ते परत कपाटात टाकले. सायकल पॅसेजमध्ये आहे. मघाशी जाऊन मागचं चाक दाबून बघितलं. सकाळपर्यंत हवा राहील असं वाटत नाही. जाऊ दे.