खुर्चीला ब्रेक नसतो

गेली १९ वर्षं मी लोकांना गाडी शिकवते. आमच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. तो दाबायची वेळ क्वचित येते, पण पाय मात्र कायम त्याच्यावर. ही सवय इतकी अंगात भिनली आहे की दुसऱ्या कुणाच्या गाडीत पुढे बसले, तरी माझा पाय आपोआप खालचं मॅट दाबत राहतो. भाऊ म्हणतो, तुझ्या बाजूचं मॅट बदलायला झालंय.

डेंटिस्टच्या खुर्चीत आडवं झाल्यावरही पाय तेच करतो. तिथे त्याच्या हाती काही लागत नाही (पायाच्या हाती, असो). ४३ व्या वर्षी, तोंडात नळी आणि डोळ्यांवर दिवा अशा अवस्थेत, मला पहिल्यांदा उमगलं की मी इतकी वर्षं नेमकी कशाला घाबरत होते.

दुखण्याला म्हणाल, तर एकदा गाडीच्या दारात बोट चेमटलं होतं आणि त्याच हाताने मी पुढचा तासभर शिकवलं होतं. दोन बाळंतपणं झालीत. दुखतं, मग थांबतं, इतकी समज मला आहे. तरीही दवाखान्यातला तो वास नाकात गेला की तळव्यांना घाम. (तो वास लवंगेच्या तेलाचा असतो, हे मला फार उशिरा कळलं. तात्पुरतं भरतात त्या सिमेंटमध्ये युजेनॉल असतं, म्हणजे लवंगेतलंच द्रव्य. इतकी वर्षं मी लवंगेला घाबरत होते.)

मूळ गोष्ट नवव्या वर्षाची. दुधाची दाढ पडायला तयार नव्हती आणि मागून पक्की दाढ डोकावू लागली होती. डॉक्टर म्हणाले, "काही करत नाहीये, नुसतं बघतोय." मी तोंड उघडलं. त्यांचा दुसरा हात पाठीमागे होता आणि त्या हातात पक्कड होती. मी "थांबा" म्हणाले, पण उघड्या तोंडातून त्याचा "आँआ" झाला, आणि "आँआ" हा शब्द कुणी ऐकून घेत नाही. माझी दोन्ही मनगटं कुणीतरी घट्ट धरली होती. धरणाऱ्याच्या घड्याळाचा धातूचा पट्टा माझ्या मनगटात रुतला, आणि त्याच्या कड्यांची नक्षी संध्याकाळपर्यंत कातडीवर होती. ती नक्षी मला आजही काढून दाखवता येईल. दाढ निघताना किती दुखलं, ते मात्र काही केल्या आठवत नाही.

नंतर विचारलं गेलं, "झालं ना? दुखलं का काही?" आणि मी मान हलवून "नाही" म्हटलं. त्या "नाही"चा राग मला पकडीपेक्षा जास्त आहे.

माझ्या मते ते हात बाबांचे होते. ३४ वर्षं मी हे धरून चालले होते. मागच्या वर्षी सहज विषय काढला, तर बाबा म्हणाले, "मी? मी तर बाहेर बसलो होतो गं. मला रक्त बघवत नाही." त्यांचं घड्याळ तर पट्ट्याचंच होतं, कातडी की धातूच्या, ते त्यांनाही आठवेना. आता हे कुणाला विचारणार?

मधल्या काळात मी जे काही केलं, त्याला टाळणं म्हणणं म्हणजे फारच सभ्य झालं. डाव्या बाजूने चावणं बंद. गार पाणी प्यायचं तर मान उजवीकडे कलवून. फोटोत ओठ मिटून हसायचं. खालच्या डाव्या दाढेला भोक पडलं होतं आणि जिभेला तिथे जायचा नाद लागला होता. आरशात टाचणीच्या डोक्याएवढं दिसणारं ते भोक जिभेला गुहेएवढं लागायचं, एका बाजूची कड धारदार. एक वर्ष ती दाढ ठणकली आणि मग एके दिवशी अचानक ठणका थांबला. मी मनातल्या मनात जिंकले. आतली नस मरू लागली की दुखणं असंच थांबतं, हे ज्यांना माहीत आहे ते इथे हसतील.

दोनदा दवाखान्यापर्यंत गेलेही. पहिल्या खेपेला अगदी नेमकी समांतर गाडी लावली, दोन्ही चाकं कडेपासून वीतभर, आणि ४० मिनिटं आत बसून परत आले. दुसऱ्या खेपेला जागा मिळाली नाही. मला फार आनंद झाला.

मग सूज आली. गाल वर चढला, रात्री उशीवर डोकं टेकलं की दाढेत नाडी लागायची. आता सुटका नव्हती. फोन लावला आणि जे कधी कुणाला म्हटलं नव्हतं ते पलीकडच्या अनोळखी मुलीला सांगून टाकलं : "मला भीती वाटते. दाखवायचंय, पण त्या खुर्चीत बसणार नाही." मला वाटलं ती हसेल. ती म्हणाली, "मग आज खुर्चीत बसू नका. बाहेरच्या टेबलाशी बसून बोला, गोळ्या घेऊन जा, मग ठरवू." इतकं सोपं असतं हे मला ठाऊकच नव्हतं. म्हणूनच सांगते, घाबरणारे असाल तर पहिलं वाक्य फोनवरच बोलून टाका. समोर गेल्यावर शहाण्यासारखं वागायची खाज सुटते.

त्या दिवशी एक कागद भरायला दिला. पाच प्रश्न : उद्या जायचंय म्हटल्यावर कसं वाटतं, बाहेर वाट बघताना, दात कोरायची वेळ आली तर, दात साफ करताना, हिरडीत इंजेक्शन देताना. प्रत्येकाला एक ते पाच गुण. अशी प्रश्नावली नॉर्मन कोराह या संशोधकांनी १९६९ मध्ये चार प्रश्नांची केली होती, इंजेक्शनचा पाचवा प्रश्न नंतर जोडला गेला. २५ पैकी १९ किंवा जास्त म्हणजे भीती गंभीर. मला २२ मिळाले. शाळेतसुद्धा मला इतके चांगले गुण क्वचित मिळाले. पण गंमत बाजूला ठेवली तर त्या आकड्याने बरं वाटलं. माझ्या वेडेपणासाठी कुणीतरी आधीच पट्टी तयार करून ठेवली होती.

डॉक्टर बाई माझ्यापेक्षा लहान असाव्यात. मी विचारलं, "दुखेल का?" आणि ते "काही होत नाही" ऐकायची तयारी करून बसले. त्या म्हणाल्या, "इंजेक्शन टोचेल. आधी जेल लावते, त्याने वरची कातडी बधिर होते, पण आत थोडं जाणवेल. सावकाश सोडलं तर कमी दुखतं, म्हणून मी वेळ घेईन. नंतर दाब कळेल, दुखायला नको. दुखलं तर भूल कमी पडली असं समजायचं. डावा हात वर करा, मी थांबेन."

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी माझ्या जिव्हारी लागली. सूज आणि पू असलेल्या जागी ऊती आंबट होतात, आणि तिथे भुलीचं औषध नीट चढत नाही. म्हणजे मी भीतीने लांबवलं, लांबवल्यामुळे सूज आली, आणि सुजेमुळे ज्याला मी घाबरत होते तेच होण्याची शक्यता वाढली. शिकाऊ मुलं चढावर क्लच घाबरत घाबरत सोडतात, म्हणून गाडी मागे येते आणि ती आणखी घाबरतात. हे मी रोज बघते. स्वतःच्या दाढेबाबत कधी सुचलं नाही.

म्हणून आधी सूज उतरवली, आणि रूट कॅनलचं काम त्यानंतरच्या आठवड्यात.

त्या दिवशी खुर्ची मागे कलली आणि पाय ब्रेक शोधायला लागला. अजून हत्यार तोंडाजवळही आलं नव्हतं. मी डावा हात वर केला. बाई थांबल्या. हातातला आरसा ट्रेमध्ये ठेवला, तोंडावरचा मास्क खाली केला. "काय झालं?"

"काही नाही. बघत होते."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "अजून एकदा बघायचंय?" मी अजून एकदा हात वर केला. त्या परत थांबल्या.

हे सांगताना जरा ओशाळायला होतं, पण माझ्या भीतीचा निम्मा भाग त्या दोन मिनिटांत संपला. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. लोक सांगायचे, दीर्घ श्वास घ्या, डोळे मिटा, कानात गाणी लावा, मनात सुंदर जागा आणा. मी गाणी लावून बघितली होती. काय चाललंय ते ऐकू येईना, त्याने उलट धास्ती वाढली. ज्यांना त्याचा उपयोग होतो त्यांनी जरूर करावं. काहींना हुंगायला गॅस (नायट्रस ऑक्साइड) किंवा गुंगीचं औषधही देतात. मलाही विचारलं होतं, मी नको म्हटलं. गाडी मी चालवत नसले तरी जागी असायला हवी, असा माझा स्वभाव. हा गॅस दातांसाठी पहिल्यांदा वापरला तो हॉरेस वेल्स नावाच्या अमेरिकन डेंटिस्टने, १८४४ मध्ये, आणि पहिला दात काढून घेतला तो स्वतःचाच. पुढच्या वर्षी बॉस्टनमध्ये सगळ्यांसमोर प्रयोग केला, तेव्हा रुग्ण ओरडला आणि लोकांनी वेल्सची टर उडवली. मला मात्र आधी स्वतः खुर्चीत बसणारा माणूस आवडतो.

इंजेक्शन टोचलं. मी मोजलं, नऊ सेकंद. मग एकाएकी छाती धडधडायला लागली आणि मी हात वर केला. "औषधात ॲड्रेनलिन असतं," त्या म्हणाल्या, "भूल जास्त वेळ टिकावी म्हणून. एक-दोन मिनिटांत उतरेल." उतरलं. ही माहिती नसती तर मी नक्की धरून चालले असते की भीतीने माझं हृदय बंद पडतंय. अर्धा ओठ, अर्धी जीभ दुसऱ्या कुणाची तरी झाली.

मग दाढेभोवती रबराचा पातळ पडदा ताणून बसवला, औषध घशात जाऊ नये म्हणून. तोंडाने श्वास घेता येत नाही असं वाटून मी परत हात वर केला. नाकाने घ्या, म्हणाल्या. सर्दी नसताना नाक चालतं, हेही माणूस विसरतो.

ड्रिलचा आवाज. त्यावर लोक फार लिहितात, मी दोनच वाक्यं लिहिते. हवेवर चालणारं ते यंत्र मिनिटाला ३ लाखांच्या आसपास फेरे घेतं, म्हणून ती किंकाळी इतकी उंच. इंजिनाचा आवाज ऐकून गिअर बदलायला शिकवणाऱ्या बाईच्या कानाला थोड्या वेळाने त्यात फरक कळू लागला : हवेत फिरताना वेगळा, दाताला टेकल्यावर जरा दबलेला.

खरी मजा पुढे आली. मुळाच्या आतून सुईसारखी बारीक फाइल खाली सरकवताना शेजारी एक छोटं यंत्र पीं-पीं करतं. मुळाचं टोक जवळ येईल तशी पीं-पीं जलद होते. मी ऐकलं आणि पडल्या पडल्या हसायला आलं. रिव्हर्सचा सेन्सर! ही बाई माझ्या दाढेत गाडी पार्क करत होती. नंतर मी त्यांना हे सांगितलं, तर म्हणाल्या की मला स्वतःला रिव्हर्स जमत नाही.

एकदा दुखलं. खोटं कशाला सांगू. एका मुळातली नस अजून थोडी जिवंत होती, तिथे फाइल लागली आणि पायापर्यंत कळ गेली. हात वर गेला, आणि फाइल माझा हात खाली येण्याआधी बाहेर होती. अजून थोडी भूल दिली. त्यांनी सांगितलं होतं तसंच घडलं, म्हणून असेल, पण ती कळ मला आज नुसती कळ म्हणून आठवते. त्यात पक्कड नाही, मनगट नाही.

तीन खेपा झाल्या, शेवटी कॅप बसली. पहिल्या खेपेनंतर घरी जाताना एका शिकाऊ मुलाचा फोन आला, उद्याची वेळ विचारायला. बधिर ओठांनी मी सांगितलं, "फकाळी फात." तो गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "मॅडम, तुम्ही गाडी चालवत नाही ना?"

त्याच मुलाने परवा चढावर विचारलं, "मॅडम, गाडी मागे जाणार नाही ना?" पूर्वी मी म्हणत असे, काही होत नाही रे, सोड. परवा म्हटलं, "जाईल. हातभर. मग तू क्लच जरा वर घेशील आणि थांबेल. नाहीच थांबली तर ब्रेक माझ्याकडे आहे." गाडी हातभर मागे गेली.

वरची उजवी दाढ अजून बाकी आहे. तिची तारीख मी एकदा पुढे ढकलली आहे. एकदाच.