मिनी डीव्ही टेपमधला आवाज संगणकावर उतरवताना

मिनी डीव्ही म्हणजे घरगुती व्हिडिओ कॅमेऱ्यातली छोटी डिजिटल कॅसेट. कॅमेऱ्याच्या हेडफोनच्या भोकातून वायर घेऊन संगणकात रेकॉर्ड करायचं, हा सोपा वाटणारा रस्ता मी टाळला. टेपवर आवाज मुळातच डिजिटल आहे. तो ॲनालॉग करून पुन्हा डिजिटल केला की खरखर तेवढी वाढते. फायरवायर या डिजिटल केबलजोडणीने मात्र टेपवरचा डेटा जसाच्या तसा येतो. कॅमेऱ्याला चार पिनांचं टोक, संगणकात पीसीआय एक्सप्रेसचं फायरवायर कार्ड, त्याला सहा पिनांचं. फायरवायर ते यूएसबी अशी स्वस्त केबल मिळते, ती घेऊ नका. नुसत्या तारा जोडून काही होत नाही, दोन्हींची भाषाच वेगळी.

टेप आधी शेवटपर्यंत पुढे, मग पूर्ण मागे गुंडाळून घेतली, म्हणजे ताण सारखा होतो. दमट हवेत राहिलेल्या टेपवर पांढरट बुरशी दिसली, तर ती कॅमेऱ्यात घालूच नका. टेप वाचणाऱ्या हेडवरून ती पुढच्या टेपला लागते.

लिनक्सवर डीव्हीग्रॅब या टेप उतरवण्याच्या प्रोग्रॅमने चित्रासकट सगळं उतरवलं. तासाला सुमारे १३ जीबी लागतात. नंतर एफएफएमपेग या फाइली बदलणाऱ्या प्रोग्रॅमने चित्र वगळून वेव्ह फाइल काढली; १६ बिट, ४८ किलोहर्ट्‌झ स्टिरिओ तासाला साधारण ६९० एमबी होते.

खरी मेख पुढे आहे. बऱ्याच घरगुती कॅमेऱ्यांत आवाज १२ बिट, ३२ किलोहर्ट्‌झवर ठेवलेला असतो. एकाच टेपवर मध्येच कुणी सेटिंग बदललं असेल, तर पुष्कळ सॉफ्टवेअर पहिल्या फ्रेमचा दर (सेकंदाला आवाजाचे किती नमुने, तो किलोहर्ट्‌झचा आकडा) धरून बसतात. मग ३२ चा भाग ४८ ने वाजतो: बोलणं दीडपट वेगाने आणि चिरकं. उलट झालं तर जड, रेंगाळलेलं. म्हणून डीव्हीग्रॅबचा आपोआप तुकडे पाडण्याचा पर्याय चालू ठेवला आणि प्रत्येक तुकड्याचा दर तपासून मगच आवाज काढला. १२ बिटमध्ये स्टिरिओच्या दोन जोड्या असतात. दुसरी नंतरच्या डबिंगसाठी, बहुधा रिकामी. पहिलीच घ्या, दोन्ही एकत्र मिसळताना सॉफ्टवेअरने पातळी निम्मी केली, तर आवाज उगाच बारीक होतो.

आवाज मध्येच तुटतोय आणि चित्रात चौकटी किंवा पट्टे दिसताहेत, तर बहुतेक हेड मळलंय. कोरडी क्लीनिंग कॅसेट दहा सेकंद चालवा, जास्त नाही. ती हेड घासते. लाँग प्ले, म्हणजे एलपीवर (टेप हळू चालवून जास्त वेळ) भरलेली टेप मात्र हेड स्वच्छ असूनही दुसऱ्या कॅमेऱ्यात बऱ्याचदा अडखळते. ती ज्यात भरली, तोच कॅमेरा शोधून काढावा.