१८५४ चा एक आणा लाल: डाय वेगळे झाले, आता प्लेटिंग

माझ्या तिकिटांच्या अल्बममधलं सिंद डाकचं, म्हणजे सिंधच्या जुन्या तिकिटांचं पान अजून रिकामंच आहे आणि तूर्त तसंच राहू दे. १८५२ ची ती लाल लाखेची तिकिटं मुळातच ठिसूळ. त्या काळीच तडकून गेली. आज स्वस्तात समोर आलं तर नक्कल समजूनच हात लावावा.

खरी मजा १८५४ च्या एक आणा लालमध्ये आहे. कलकत्त्याला सर्व्हे खात्यात कॅप्टन थुलियर यांच्या देखरेखीखाली ही तिकिटं लिथोच्या दगडावरून छापली गेली. छिद्रं नाहीत, गोंद नाही. १ ऑक्टोबर १८५४ पासून अर्ध्या तोळ्यापर्यंतचं पत्र देशात कुठेही एका आण्यात जाऊ लागलं, म्हणून वापरलेली तिकिटं अजूनही मिळतात.

डाय (तिकिटाचं चित्र ज्या मूळ कोरीव साच्यातून आलं तो) ओळखताना १० पटीचं भिंग घ्या आणि आधी बस्टचं, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या गळ्याखालच्या भागाचं टोक बघा. टोकदार असेल तर डाय ३. हा कमी सापडतो. नसेल तर राणीचा अंबाडा बघायचा. रेघा जास्त आणि अंबाडा डोक्याला मिळतो तिथे पांढरी वक्र रेघ, तो डाय १. रेघा कमी आणि ती पांढरी रेघ नाही, तो डाय २. घोळ होतो तो जाड शाईमुळे: पांढरी रेघ बुजते आणि डाय १ सरळ दोनच्या ढिगात जातो. म्हणून दाट छपाईच्या प्रतींत रेघेवर न थांबता अंबाड्यातल्या रेघा मोजाव्यात.

जलचिन्ह, म्हणजे कागदातच उमटवलेली पुसट खूण, इथे कंपनी सरकारचं मानचिन्ह आहे, तेही शीटला मिळून. एकेका तिकिटावर त्याचा तुकडा येतो, कधी काहीच येत नाही. तेव्हा ते दिसलं नाही एवढ्यावरून तिकीट खोटं ठरवू नका. काळ्या ट्रेमध्ये उलटं ठेवून लायटरचं पेट्रोल थेंबभर टाका (खिडकी उघडी, आग लांब). जलचिन्हापेक्षा जास्त कामाची गोष्ट त्यात दिसते: विरळ झालेला कागद आणि मागून लावलेलं ठिगळ.

आता प्लेटिंग, म्हणजे तिकीट शीटवर नेमकं कोणत्या जागचं हे शोधणं. शीट ९६ तिकिटांचं, ८ च्या १२ ओळी. प्रत्येक तिकीट दगडावर वेगळं उतरवलेलं, त्यामुळे तुटकी रेघ, शाईचा ठिपका ही जागेची खूण ठरते. १२०० डीपीआयवर स्कॅन करून ठेवायचं. सुट्या तिकिटाने सुरुवात करू नये; आधी जोड्या आणि पट्ट्या, कारण शेजारी कोण हे त्यातूनच कळतं. पत्रावर असलेलं तिकीट उचलायचं नाही, कितीही मोह झाला तरी.

दोन आणे हिरवा टाकसाळीत उठावाच्या साच्यावर छापलेला; त्यात दगडाचं हे कोडं नाही, एक चांगली प्रत पुरे. चार आणे दोन रंगांत, लाल चौकट आणि निळं डोकं. पुष्कळशी लोकांनी अष्टकोनी कापून टाकली. अशा प्रतींना नंतर कोपरे जोडून चौकोनी केलेलं असतं, म्हणून पैसे देण्याआधी चारही कोपरे पेट्रोलखाली बघायचे.