चंपीची गाठ

सकाळी रंकाळ्यावरून फिरून आलो आणि आमच्या कुत्रीचं, चंपीचं पोट खाजवत बसलो. मागच्या पायाजवळच्या सडाशेजारी हरभऱ्याएवढं काहीतरी बोटाला लागलं. आधी गोचीडच वाटली. केस बाजूला केले, तर कातडीखाली गाठ!

रिक्षात घालून दवाखाना गाठला. डॉक्टरांनी सगळे सड एकेक करून चाचपले. "वय?" नऊ. "ऑपरेशन केलंय?" नाही. आई म्हणायची, मुक्या जनावराला कशाला कापायचं, आणि मलाही तेच सोयीचं होतं. डॉक्टर रागावले नाहीत, नुसतं सांगितलं. पहिल्या माजाआधी अंडाशय काढलं, तर स्तनाच्या कॅन्सरचा धोका ऑपरेशन न केलेल्या कुत्रीच्या अर्ध्या टक्क्यावर येतो. एका माजानंतर केलं तर ८ टक्के, दोन माजांनंतर २६. चंपीचे किती माज झाले, मोजायचं सोडून दिलं मी.

अशा गाठींतल्या साधारण निम्म्या साध्या निघतात म्हणे. पण हाताला कळत नाही, तपासावंच लागतं. सुईनं पेशी काढल्या, फुफ्फुसात काही गेलंय का म्हणून छातीचा एक्स-रे केला. छाती स्वच्छ आहे. गाठ काढून तपासणीला पाठवायची, तेव्हाच नक्की कळणार.

शेजारच्या बाकावर एक पोरगा गल्लीतलं कुत्रं घेऊन बसलेला. त्या कुत्र्याला समागमातून पसरणारा कॅन्सर, म्हणजे पेशीच एका कुत्र्यातून दुसऱ्यात जातात! आठवड्याला एक इंजेक्शन, बहुतेक बरा होतो. पोरगा चौथ्यांदा आलेला, स्वतःच्या खर्चानं.

चंपी आत्ता पायाशी घोरतेय. मंगळवारी ऑपरेशन.