वन्दे मातरम् : मोडका पाय आणि सात कोटींचा हिशेब

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. प्रश्न बहुधा ऑगस्टच्या तोंडावर येतो, शाळेच्या फलकावर क्रांतिकारक मादाम भिकाजी कामांचा १९०७ चा झेंडा काढायचा असतो तेव्हा. मधल्या पट्ट्यावर 'वंदे मातरम' लिहायचं की 'वन्दे मातरम्'? आणि बंगाली कादंबरीतल्या गाण्याचे शब्द जर्मनीत फडकवलेल्या झेंड्यावर गेले कसे?

आधी सोपं सांगतो: म चा पाय मोडायचा. 'मातरम्' हे 'मातृ' शब्दाचं द्वितीयेचं एकवचन. 'मातरम' असं रूपच नाही. 'विद्वान्', 'भगवान्' यांचे मोडके पाय मराठी शुद्धलेखनाने सरळ केले, तीच सवय इथे नडते. पण तो नियम मराठीत मुरलेल्या शब्दांसाठी आहे. हे अख्खं संस्कृत वाक्य आहे, कर्त्याला क्रियापदाच्या पोटात घेतलेलं. 'वन्दे' की 'वंदे' यावर मात्र भांडू नका, दोन्ही चालतं. 'मातरं' चालत नाही, कारण संस्कृतात शेवटच्या म् चा अनुस्वार पुढे व्यंजन आलं तरच होतो. गाण्यातच पाहा: 'सुजलां सुफलां मलयजशीतलाम्'. पहिल्या दोन शब्दांवर टिंब आहे, तिसऱ्यानंतर थांबायचं म्हणून म् आहे. दोन शब्द जोडूनही लिहू नयेत.

रंगवताना हा पाय हमखास हरवतो. अक्षरं पट्ट्याच्या बरोबर मध्यावर धरली की खालची तिरपी रेघ लाल पट्ट्याला टेकते आणि दिसेनाशी होते; म्हणून शिरोरेषा थोडी वर घ्यावी. पातळ कापडावर छापलंत तर मागून अक्षरं उलटी दिसतात. त्यापेक्षा दोन कापडं पाठीला पाठ लावून शिवावीत.

आता अर्थ. 'वन्दे' म्हणजे 'मी वंदन करतो' किंवा 'करते'. 'आम्ही' हवं असतं तर 'वन्दामहे' म्हणावं लागलं असतं. हजारोंचा जमाव ओरडतो ते एकवचनच. कोणत्या आईला, ते मात्र या दोन शब्दांत सांगितलेलंच नाही. 'भारतमातेला वंदन' हा अर्थ आपण मागाहून भरला. बंकिमचंद्रांच्या गाण्यात पुढे 'सप्तकोटिकण्ठ' येतं. सात कोटी ही तेव्हाच्या बंगाल प्रांताची लोकसंख्या, बिहार-ओरिसा धरून. म्हणजे गाण्यातली आई आधी बंगालची. १९०५ च्या बनारस काँग्रेसमध्ये सरलादेवी चौधुराणींनी गाताना सातचे तीस कोटी केले, तेव्हा ती आई साऱ्या देशाची झाली. झेंड्यावर आकडाच नाही, त्यामुळे तिथे हा प्रश्न उरत नाही.

गाणं 'आनंदमठ'मध्ये आलं. कादंबरी पुस्तकरूपाने १८८२ ची. १८९६ मध्ये रवींद्रनाथांनी ते कलकत्त्याच्या काँग्रेसमध्ये गायलंही. पण गाणं ते गाणंच राहिलं. त्याची घोषणा झाली ती १९०५ च्या वंगभंगानंतर, रस्त्यावर. पूर्व बंगाल आणि आसामच्या सरकारने ती जाहीरपणे द्यायला बंदी घातली आणि एप्रिल १९०६ मध्ये बारिसालच्या प्रांतिक परिषदेच्या मिरवणुकीवर पोलिसांनी लाठ्या चालवल्या. माझ्या मते हे शब्द झेंड्यावर गेले ते काव्य म्हणून नव्हेत, बंदीमुळे. पाच अक्षरं, एका दमात ओरडता येतात आणि ती ओरडली की लाठी बसते; कापडावर लिहायला याहून नेमकं काय सापडणार होतं?

ऑगस्ट १९०७ मध्ये स्टुटगार्टच्या आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेत भिकाजी कामांनी झेंडा उलगडला. क्रांतिकारक सरदारसिंह राणा सोबत होते. वर हिरवा, मध्ये पिवळा-केशरी, खाली लाल. अशोकचक्र नको, तेव्हा ते नव्हतंच. खालच्या पट्ट्यात सूर्य आणि चंद्रकोर.

वरच्या पट्ट्याची मात्र पंचाईत आहे. बऱ्याच पुस्तकांत आठ कमळं सापडतात, ब्रिटिश हिंदुस्थानातल्या आठ प्रांतांची. सरकारी माहितीत या झेंड्यावर एक कमळ आणि सप्तर्षींचे सात तारे असल्याचं लिहितात, आणि तीच माहिती परिषद बर्लिनला झाल्याचंही सांगते, जे चूक आहे. आठ कमळं १९०६ च्या कलकत्त्याच्या झेंड्याच्या वर्णनातही येतात, त्यामुळे दोन झेंड्यांची सरमिसळ सहज होते. इंटरनेटवरचं पहिलं चित्र उचलू नका. इंदुलाल याज्ञिकांनी भारतात आणलेला झेंडा पुण्यात केसरीवाड्यात आहे. तिथे जाऊन वहीत रेखाटन करून घ्या, आणि फलकाखाली कोणत्या झेंड्यावरून चित्र काढलं तेही लिहा.