दिनविशेषातली थंडी

दुपारी अडीचच्या सुमाराला वाचनालयावरून चाललो होतो. आमच्याकडची डिसेंबरातली दुपार मोठी लबाड. सकाळी स्वेटर, मफलर, कानटोपी असा सगळा सरंजाम चढवून निघालेला माणूस दुपारी तोच काखोटीला मारून घाम पुसत फिरतो. मीही तसाच निघालेला. वाचनालयाच्या दारात एक काळा फळा आहे. ग्रंथपाल सकाळी आल्या आल्या आधी फळा पुसतात, मग कुलूप उघडतात. वरती वार, तारीख, तिथी. खाली डाव्या हाताला तापमान, उजव्या हाताला दिनविशेष. अक्षर सुरेख, मोत्यासारखं म्हणतात तसं.

२८ डिसेंबर. किमान ९, कमाल २९. १८८५ : मुंबईत राष्ट्रीय काँग्रेसची स्थापना. १८९५ : पॅरिसमध्ये ल्युमिए बंधूंनी तिकीट लावून चित्रपटांचा पहिला खेळ केला. १९३७ : रतन टाटा यांचा जन्म.

पाठीवर ऊन तापलेलं, आणि समोर लिहिलंय नऊ अंश. वाचता वाचता अंगावर काटा यावा की घाम, काही ठरेना.

या फळ्याबद्दल माझी एक जुनी कुरकुर आहे. वेधशाळेत रात्रीचं किमान तापमान वाचतात सकाळी साडेआठला. पेपर छापून होतो त्याच्या कितीतरी आधी, मध्यरात्री. म्हणजे आज सकाळच्या पेपरात जो आकडा येतो तो कालच्या पहाटेचा. ग्रंथपाल तो उतरवून घेतात आणि वर लिहितात ‘आजचे किमान तापमान’. पावसाचंही तेच, साडेआठ ते साडेआठ. पंचांगाचा दिवस सूर्योदयाला उजाडतो, सरकारचा रात्री बाराला, वेधशाळेचा साडेआठला. तेव्हा या एकाच फळ्यावर वरती आजची तारीख असते आणि खाली कालची थंडी. मी हे एकदा ग्रंथपालांच्या कानावर घातलं. त्यांनी खडू खिशात टाकला आणि म्हणाले, “थंडी तीच ना भाऊ! काल काय अन् आज काय.” यावर काय बोलणार?

शाळेत परिपाठाला दिनविशेष वाचायचं काम माझ्याकडे असायचं. सुविचार हुशार मुलांना, बातम्या मोठ्या आवाजाच्या मुलांना, आणि उरलेल्यांना दिनविशेष. हिवाळ्यात शाळा सकाळची. मैदानावर रांगा लागायच्या तेव्हा निम्मं मैदान शाळेच्या सावलीत आणि निम्मं उन्हात. सावलीतल्या रांगा प्रार्थना चालू असताना हळूहळू सरकायला लागत. पाय उचललेला कोणाला दिसायचा नाही, पण प्रतिज्ञा संपेपर्यंत पाचवीचा वर्ग अख्खाच्या अख्खा उन्हात गेलेला असायचा आणि सहावीला चिकटलेला असायचा. गुरुजींना ते दिसत होतं. त्यांची स्वतःची खुर्ची आधीपासूनच उन्हात असे. मी वाचायचो, “आजच्याच दिवशी इसवी सन अठराशे पंच्याऐंशी साली,” आणि तोंडातून वाफ निघायची. पुढच्या रांगेतली पोरं त्या वाफेकडे बघत. काँग्रेस स्थापन झाली की मोडली, कोणाला पडलेली नव्हती. कोणत्या अक्षराला जास्त वाफ निघते हे मात्र आम्ही सगळ्यांनी नीट तपासून ठेवलं होतं. ‘ह’ आणि ‘फ’.

तेव्हापासून एक खोड लागली. दिनविशेष वाचला की पहिला विचार येतो, त्या दिवशी हवा कशी होती? साल लिहितात, गाव लिहितात, जन्म की मृत्यू ते लिहितात. ऊन होतं की आभाळ होतं, हे मात्र कोणी लिहीत नाही. काँग्रेसची ती पहिली बैठक खरं तर पुण्यात भरायची होती. पुण्यात कॉलऱ्याची साथ आली म्हणून मुंबईला हलवली. म्हणजे इतिहासाची जागासुद्धा रोगराईनं ठरवलेली. दिनविशेषाच्या ओळीत त्यातलं काय उतरतं? साल आणि ‘स्थापना’.

आणि या तारखेला पॅरिस लिहायचं आणि फैजपूर सोडायचं, याला काय म्हणावं! डिसेंबर १९३६ मध्ये याच तारखांना यावल तालुक्यातल्या फैजपुरात काँग्रेसचं अधिवेशन भरलं होतं. खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. गांधीजींच्या सांगण्यावरून नंदलाल बोस आले आणि त्यांनी बांबू, चटया असल्या गावातल्याच सामानातून अख्खं टिळकनगर उभं केलं. नेहरूंची मिरवणूक बैलांच्या रथातून निघाली.

आमचे आबा तेव्हा पोरसवदा होते. बापाचं बोट धरून शेजारच्या गावाहून पायी गेलेले. आम्ही विचारायचो, “आबा, नेहरू काय बोलले?” आबांना भाषणातला एक शब्द आठवत नव्हता. बैल आठवत होते. त्यांची शिंगं, झुली, डावीकडचा बैल कसा बिचकत होता, सगळं. आणि थंडी आठवत होती. “रात्री कडब्यावर निजलो. एक गोधडी अन् आम्ही तिघं. मधल्याला झोप लागली, कडेचे दोघं रात्रभर जागेच.” ते स्वतः कडेला होते. पुढं आयुष्यभर फैजपूर अधिवेशनाचा विषय निघाला की आबा आधी अंगावरची शाल सारखी करत, मग बोलत. साताठ पुस्तकांत वाचलेलं अधिवेशन माझ्या डोक्यात नीट बसलेलं नाही. गोधडीचं बसलंय.

असंच धुळ्याच्या तुरुंगाचं. १९३२ साली विनोबांनी तिथं गीतेवर प्रवचनं दिली, दर रविवारी एक. २१ फेब्रुवारीला पहिलं, १९ जूनला अठरावं. साने गुरुजी ती उतरवून घेत. हे आम्हाला पाठ. पण या दोन तारखांच्या मधे काय येतं ते खान्देशातल्या माणसाला सांगावं लागत नाही. अख्खा उन्हाळा येतो! फेब्रुवारीत अर्जुनाच्या विषादापासून सुरू करायचं आणि मे महिन्यात, दगडी भिंती रात्री अकरापर्यंत धगधगत असताना, भक्तियोगाच्या पुढं जायचं. गुरुजींच्या हाताला घाम येत असेल, कागदाला चिकटत असेल. स्थितप्रज्ञाची लक्षणं ऐकायला धुळ्याच्या उन्हाळ्यापेक्षा चांगली जागा कुठली?

बालकवींचं तर मला फार वाटतं. धरणगावला १८९० च्या ऑगस्टात जन्मलेला माणूस. हिरवळ, निर्झर, ऊनपाऊस याखेरीज ज्याला दुसरं सुचलं नाही, तो गेला ५ मे १९१८ ला, भादली स्टेशनाजवळ, रेल्वेखाली. पाच मे! भादलीचे रूळ मे महिन्यात कसे असतात ते मी पाहिलेत. दूरवर पाणी असल्यासारखे हलतात. यापुढं मला काही लिहवत नाही.

आणि ९ सप्टेंबर १९४२. नंदुरबारचा शिरीषकुमार. त्याचा जन्म २८ डिसेंबर १९२६ चा, म्हणजे फळ्यावर आज त्याचंही नाव हवं होतं. सोळावं वर्ष पूर्ण व्हायचं होतं, हातात झेंडा घेऊन मिरवणुकीत गोळी खाल्ली. त्याच्याबरोबर आणखी चार पोरं गेली. त्या दिवशी पाऊस होता का? रस्त्यात चिखल होता का? झेंडा ओला होता का? हे मी खूप जणांना विचारलं. लोक माझ्याकडे असं बघतात की याला देशभक्तीचं काही नाही, हवामानाचंच पडलंय. पण पोरगं कुठल्या हवेत उभं होतं हे कळल्याशिवाय मला ते दिसतच नाही, त्याला मी काय करू?

आबांना तारखेशी देणंघेणं नव्हतं, थंडीशी होतं. केळीवाल्या माणसाला नऊ अंश आणि सात अंश यांत काय फरक आहे ते कोणी शिकवावं लागत नाही. दहाच्या खाली पारा गेला की केळी गारठते. नवं पान पोग्यातच, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळीतच अडकतं, निसवण, म्हणजे घड बाहेर पडणं लांबतं, घड अर्धामुर्धा बाहेर येऊन तिथंच थबकतो. घडावरच्या केळीची साल काळपट पडते आणि पुढं ती पिवळीधमक होतच नाही. याला आमच्याकडे चरका म्हणतात. चरका बसला. बाग दुरून बघितली तर हिरवी दिसते, आत गेलं की कळतं.

मग रात्री उठून पाणी द्यायचं, कारण विहिरीचं पाणी हवेपेक्षा कोमट असतं. बांधावर पालापाचोळा पेटवून धूर करायचा. बागेच्या कडेला शेवरी दाट लावलेली असली तर वारा अडतो. आबांकडे थर्मामीटर नव्हता. पहाटे मोटार चालू केली की पाइपाच्या तोंडाशी उभे राहत. पाण्यातून वाफा किती उंच जातात ते बघायचे. गुडघ्याएवढ्या गेल्या तर धोतराचा काचा सोडून घरी चहाला येत. कमरेएवढ्या गेल्या तर चहा वावरातच मागवत. आता महसूल मंडळात यंत्रं बसलीत आणि फळपीक विम्याला सलग तीन दिवस आठ अंशांवर किंवा त्याखाली अशी अट असते, त्यामुळे चहाच्या टपरीवर आठ पूर्णांक दोनवरून भांडणं होतात. शून्य पूर्णांक दोन अंशांपायी माणूस रडकुंडीला आलेला मी पाहिलाय. वाफेला दशांश चिन्ह नव्हतं.

आबांचा दिनविशेष भिंतीवर असायचा. कालनिर्णय निघालं १९७३ ला. त्या आधीही कुठलंसं कॅलेंडर आमच्या ओट्यावर खिळ्याला होतंच, पण कालनिर्णयचे चौकोन आबांना फार आवडले. लिहायला जागा. पेन्सिल सुतळीनं खिळ्यालाच बांधलेली. ‘गाय व्याली.’ ‘लाईट रात्री.’ ‘दूध नाही.’ ‘चरका.’ ‘गार पडली, बोराएवढी.’ ‘वारा, ४० खोडं आडवी.’ वर्ष संपलं की जुनं कॅलेंडर काढायचे नाहीत, त्याच्यावरच नवं अडकवायचे. शेवटी तो गठ्ठा असा जाड झाला की खिळा वाकला. भांडण निघालं की आबा गठ्ठा उचकटत. कोणाची म्हैस कधी घेतली, कोणी पाण्याची पाळी चुकवली, सगळं तिथं. आमच्या घरातल्या कोणाचा वाढदिवस त्यात नव्हता. माझ्या जन्मतारखेच्या चौकोनात ‘मळणी चालू’ एवढंच आहे, ते मी बघून ठेवलंय.

आजी गेली त्या दिवशीचा चौकोनही बघितला, आबा गेल्यानंतर. ‘आभाळ. दूध दीड लि. पाणी दिलं नाही.’

तारखेपेक्षा आभाळ पक्कं असतं, असं मी बहिणाबाईंच्या बाबतीत तरी मानतो. दिनविशेषात २४ ऑगस्ट १८८० छापतात. असोद्याच्या त्या घरात इंग्रजी तारीख कोणी विचारली असेल? नागपंचमीला झाली, हे सगळ्यांना ठाऊक. श्रावणाची झिमझिम, झाडाला बांधलेले झोके, आणि घरात पोरगी. गेल्या त्या मात्र ३ डिसेंबर १९५१ ला, तोवर तारखा लिहायची रीत पडलेली. डिसेंबरचा पहिला आठवडा म्हणजे कपाशी वेचणीचे दिवस, पहाटे दहिवर, म्हणजे दव पडतं. हे मी माझ्या मनानं घातलं. माझ्या फळ्यावर मी असंच लिहीन : १९५१, बहिणाबाईंचे निधन, दहिवर.

संध्याकाळी चुलतभावाला फोन लावला. तोच आता बाग बघतो.

“किती आहे तिकडं?”

“मोबाईलवर आठ दाखवू राह्यलं. वावरात सातच असंल.”

“लाईट?”

“रात्री बाराची.”

“मग?”

“मग काय, बाराला उठू.”

मी त्याला म्हटलं, याच तारखेला फैजपूरला अधिवेशन होतं, आबा गेले होते, गोधडीत मधला कोण होता रे? मोठे काका की बापूआजोबा? तो म्हणाला, “हो का?” आणि थोडा वेळ काहीच बोलला नाही. मला वाटलं आठवतोय. मग म्हणाला, “रविवारी ये. बामणोदची वांगी आणली. भरीत करू.”

वांगी भाजायला तुराट्या आहेत का, मी विचारलं. मागच्या सालच्या आहेत म्हणाला, चांगल्या वाळलेल्या. भरीत ठेचायची बडगी मात्र शेजारून आणावी लागेल.